ओढ्याकाठची सपाटी

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आणि वहिनीचा खोकला कसा आहे? इथे पाऊस थांबून आठवडा झाला, तरी नदीचं पाणी चहासारखं येतंय. शुद्धीकरण केंद्रातल्या गाळण्या सारख्या तुंबतात, धुऊन धुऊन माणसं टेकीला आली. शहराला दिवसाआड पाणी सोडतोय आणि तक्रारींचे फोन माझ्याकडे आहेत. काल एका बाईंनी विचारलं, बाळाला या पाण्यात आंघोळ घालू का. उकळून, गाळून घ्या, एवढंच सांगितलं.

गाळ आपल्या ओढ्यातून येत असावा, अशी शंका आहे. तू आपल्या दोघांच्या जमिनीचा उतार लागवडीसाठी मोकळा करायला निघालास, तेव्हा झाडं राखायच्या बोलीवर मी हो म्हटलं होतं. राखलीस ना? हवं तर ओरड, पण कळव.

तुझी धाकटी

११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा माझ्यासारखाच हट्टी आहे. वहिनी म्हणते, पाणी गढूळ झालं की नणंदबाईंना माहेर आठवतं.

झाडं राखलीत. माथ्यावरची सगळी. बाबांनी लावलेली, म्हणून एकालाही हात लावू दिला नाही. काढली ती फक्त ओढ्याकाठची वेडीवाकडी झुडपं, आणि त्या सपाटीवर बटाटा लावला. वर चढून नांगर धरायचं माझं वय गेलं. पोरं येत नाहीत, गडी मिळत नाहीत. तू झाडं म्हणालीस, मी झाडं ठेवली. आणखी काय करायचं माणसानं?

दमलेला दादा

२२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उतारावरून येणारी माती ती झुडपंच अडवत होती रे. तू शब्द पाळलास, म्हणून तर जास्त जड जातंय.

गाळाचा माग काढायचं काम साहेबांनी मलाच दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्याला आपलं शेत कदाचित सापडलंही नसतं, असं मनात आलं, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटली. आज सांगून टाकलं, की जमीन आमचीच आहे, माझी आणि भावाची. ते चष्मा पुसत राहिले. पुढच्या आठवड्यात पाहणी होईल. बटाटा काढायला लावतील बहुधा. वहिनीला तूच सांग, माझ्यात धीर नाही.

माझ्यावर चिडायचं तर चीड, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी माणसं येऊन गेली. ओढ्यापर्यंत मीच नेलं. बटाट्याच्या सऱ्या सरळ ओढ्यात उतरतात, आणि पावसानं त्यांचे चर झालेत. एकात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. एवढी माती वाहून गेली, आणि मी रोज खिडकीतून हिरवं पीक बघून खूश होत होतो.

काठच्या पट्ट्यात पीक न घेता तिथं पुन्हा झाडी वाढवायची, असं ठरलं. उभं पीक जाणार. तुझं नाव निघालं की वहिनी भांडी आपटते. तुला उत्तर द्यायचं नाही, असं मीही ठरवलं होतं. पण रुसून राहायलाही अंगात दम लागतो.

रोपं ते देतील, खड्डे आपले आपण खणायचे आहेत. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही. रजा काढून ये. वहिनी आधी बोलणी वाढेल, मग जेवण. दोन्ही मुकाट्यानं गिळ.

तुझाच,
दादा