स्लॅब पाणी धरेपर्यंत

२ मार्च १९८६, लातूर

पोचलो एकदाचा. विष्णुपुरीच्या धरणावर चार वर्षं काढलेल्या इंजिनिअरला इथली कोरड बघून गंमतच वाटली. स्टँडवरचा रसवंतीवाला ग्लास धुवत नव्हता, फडक्याने पुसत होता. फडकं कोणत्या रंगाचं होतं ते लिहिणार नाही. तरी दोन ग्लास रस प्यालो, उन्हापुढे सोवळं कुठे टिकतं!

काम मात्र झकास आहे. भरवस्तीत, जुन्या बाजाराच्या जागेवर हॉटेल आणि त्याला लागून तीनशे खुर्च्यांचं परिषद सभागृह. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पण मोठ्या साहेबांना उतरायला धड खोली नाही. म्हणून ही भागीदारी: जागा आणि पाणी नगरपालिकेचं, पैसा व्यापाऱ्यांच्या कंपनीचा, नफा निम्मा-निम्मा. कंपनीचे प्रमुख महादेवप्पा, डाळमिलवाले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतर बगळ्यासारखं पांढरं. त्यांनी स्वतः चहा ओतून दिला आणि खोलीत पंखा बसवून दिला. हॉटेलचे मजले उभे आहेत, सभागृहाचा स्लॅब तेवढा राहिला आहे. उद्घाटन मे महिन्यात, दुष्काळ निवारण परिषदेने. मला हसू आलं, महादेवप्पांना नाही आलं.

९ मार्च

आज करारनाम्याची बैठक झाली. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, स्लॅबला पाणी किती दिवस लागेल? एकवीस दिवस, हे शेंबडं पोरही सांगेल. पण महादेवप्पांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मग आकडा टाळून मीच वाक्य सुचवलं, की स्लॅब पाणी धरेपर्यंत नगरपालिका टँकर देईल. सगळ्यांना आवडलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सोय मी करून दिली आणि वर पेढा खाल्ला. पेढा खवट होता.

१८ मार्च

काल स्लॅब पडला. आज वर मातीचे बांध घालून वाफे केले आणि टाचभर पाणी भरलं. पाणी मारायला धोंडाबाई आहे, मागच्या वस्तीतली, पन्नाशीची, हाताला चलाख. वस्तीला रोज तीन टँकर यायचे, त्यातला एक आता आमच्याकडे वळवला आहे. धोंडाबाईने तो टँकर ओळखला. इथून कुणी घागर नेऊ नये म्हणून महादेवप्पांनी दगडोबा नावाच्या माणसाला राखणीला बसवलं आहे. ते मला आवडलं नाही, तरी चालू दिलं.

२३ मार्च

रोज सकाळी वाफे कोरडे. ऊन आहे, पण रात्रीतून टाचभर पाणी उडत नाही. आज खाली जाऊन स्लॅबला आधार देणाऱ्या सेंटरिंगची फळी न् फळी चाचपली. कुठे थेंब नाही, ओलही नाही. चार वर्षं धरणाच्या भिंतीवर काढली आहेत, गळती मला कळते. ही गळती नाही.

१ एप्रिल

दोन टँकर घेतो आहे. दुपारी धोंडाबाईने मला वर बोलावलं आणि वाफ्यात घागर ओतून दाखवली. पाणी पसरलं नाही. पडल्या जागी खाली गेलं, आणि घोट घ्यावा तसा आवाज आला. धोंडाबाई म्हणाली, "साहेब, ह्यो भिजून नाही राहिला. ह्यो पिऊन राहिलाय."

मी तिला काँक्रीटमधल्या हवेबद्दल काहीतरी शिकवलं. ती ऐकून घेऊन खाली गेली.

१० एप्रिल

सेंटरिंग काढलं. खाली इतका गारवा, की दगडोबा दुपारी तिथेच पडतो. आज कोपऱ्यात एक कुत्रं मेलेलं सापडलं. त्याला वास नव्हता, माशी नव्हती. झाडूवालीने ते दोन बोटांनी उचललं, वाळल्या कातड्यासारखं. गारव्याला झोपू नकोस, असं दगडोबाला सांगायचं ठरवलं. काय कारण सांगणार? राहून गेलं.

१४ एप्रिल

दगडोबा गेला. पंचनाम्यात उष्माघात लिहिलं. उचलायला चौघे आले होते, एकट्याने उचलला. मी पायाकडून हात लावला तर कडब्याची पेंढी उचलल्यासारखं वाटलं. ओठ मागे सरकलेले, जीभ खारकेसारखी.

तो झोपायचा त्याच्या बरोबर वर, स्लॅबच्या खालच्या अंगाला, ओल आली आहे. माणसाच्या मापाची. शिडीवर चढून बोट लावलं तर चिकट. थुंकीचा वास. साबणाने तीनदा हात धुतले, वस्तीच्या वाटणीच्या पाण्याने. जेवलो नाही.

१५ एप्रिल

महादेवप्पांना आणून ती ओल दाखवली. सगळं सांगितलं, न लाजता. त्यांनी शिडीवर चढून हात वर नेला, ओल बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "पाणी धरून राहिलाय की, इंजिनेर. काळजी कशाची करता?"

मग तीच बोटं उपरण्याला पुसून खिशातली सुपारी तोंडात टाकली. मला या माणसाची किळस आली. त्यांच्याच पंख्याखाली झोपणाऱ्या माझी जास्त.

२ मे

तिन्ही टँकर इकडे. वस्तीला काही नाही. धोंडाबाई काम सोडून गेली होती, आज दाराशी आली. म्हणाली, बायका पाच कोस चालून गढूळ आणून राहिल्यात, दोघी वाटेत पडल्या. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, वीस तारखेला परिषद आहे, सगळ्या या. रिकाम्या घागरी घेऊन सभागृहात बसा. सगळा जिल्हा तिथे असणार, तुमच्याकडे पाठ कोण फिरवेल? तिने माझ्या पायाला हात लावला. तेवढ्याने माझा जीव हलका झाला.

१३ मे

शेवटी धाडस केलं. स्लॅबने पाणी धरलं, अशी सही करून दिली. खोटी. पण आता टँकर वस्तीला जातील. दोन महिन्यांत आज प्रथम पोटभर जेवलो.

१५ मे

टँकर वस्तीला गेलेच नाहीत. हॉटेलसमोर हिरवळ लावली आहे, तिच्यावर जातात. पाहुण्यांच्या न्हाण्या भरून ठेवल्या आहेत. मुख्याधिकारी म्हणाले, परिषद होऊ द्या, मग बघू. मी त्यांच्या टेबलावर थुंकणार होतो. तोंडात थुंकी नव्हती.

१७ मे

चार दिवस स्लॅबला पाणी नाही. रंगारी काम टाकून पळाले, म्हणतात घसा आवळतो. व्यासपीठावर मी भरलेला तांब्या ठेवला, उभा राहून बघत राहिलो. पाणी उतरत गेलं. पाव तासात तळ दिसला. झाकण घातलेलं होतं.

महादेवप्पांना म्हटलं, परिषद मंडपात घ्या. ते खुर्च्या मोजत होते—

१९ मे

वस्तीत गेलो. हात जोडले, येऊ नका म्हटलं. कारण सांगितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धोंडाबाई शांतपणे म्हणाली, "तुमीच बोलीवलं ना, साहेब? आता त्यांनी फिरवलं का तुमाला?"

दोनशे घागरी घासून उन्हात पालथ्या घातल्या होत्या. मातीने घासल्या होत्या.

२० मे, सकाळ

दौतीतली शाई वाळली. पेन्सिलने लिहितो. बायका आल्या. वाटलं होतं पोलीस हाकलतील — नाही. महादेवप्पांनीच आत घेतलं, फोटोत बऱ्या दिसतील म्हणून. खुर्च्यांमागे जमिनीवर बसवलं. दारं लावली, गार हवा जाऊ नये म्हणून. मला आत सोडत नाहीत. वेडा म्हणतात —

टँकरवाल्याच्या पाया पडलो. हिरवळीचं पाणी आहे म्हणतो. दोन बादल्या हिसकावून जिन्याने वर —

वर आहे. दोन्ही ओतल्या. मी ताठ उभा राहण्याआधी स्लॅबने पिऊन टाकल्या. खाली भाषण चाललं होतं. टाळ्या होत होत्या. आता एक माणूस खोकतो. पुष्कळ खोकतात. घागरी गडगडल्या. दारावर धक्के. मग —

शांत.

स्लॅबवर ओल येते आहे. खालून. गोल गोल, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. ओळीने. आधी मागच्या बाजूला, जिथे बायका — शंभर — आणखी. आता खुर्च्यांच्या ओळी —

तोच वास. थुंकीचा. जीभ टाळूला चिकटली. धोंडाबाई कोणती यातली —

डबकं झालं आहे. गार आहे. घाण आहे, मला माहीत आहे कुणाचं आहे, पण तहान — मी गुडघे टेकले — फक्त ओठ ओले —