डावी पाच, उजवी आठ

२९ जानेवारी, गुरुवार

या हातांनी केलेल्या वस्तू: माझ्या स्वतःच्या पायातली जोडी, डावी पाच नंबर, उजवी आठ, डावीचा तळ तीन बोटं उंच. गडहिंग्लजच्या मास्तरांची एकटी उजवी — डावा पाय नाहीच. चंदगडच्या बाईंना बोटं नाहीत, म्हणून अंगठ्याच्या वादीऐवजी मागून पट्टा. भाजीवाल्या बायडाबाईंची, वाकड्या टाचेखाली चामड्याची पाचर घातलेली. बाकीच्या आठवून लिहीन.

कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात चामड्याला कुणी हात लावलेला नव्हता. दुकानात गेलो की, "एकेक चप्पल विकत न्हाय पावणं, जोडी घ्या." म्हणजे दोन जोड्या घ्यायच्या आणि त्यातल्या दोन चपला फेकायच्या. शेवटी एक चप्पल उसवली, परत शिवली, परत उसवली. तेच माझं कॉलेज.

हे आज लिहितोय कारण संध्याकाळी मेव्हणा आला होता. विजयसिंह. रविवारी नेसरीचे पाहुणे आमच्या निशिगंधाला बघायला येणार आहेत. चहा संपवून, माझ्याकडे न बघता — "दाजी, ते यायच्या आधीच तुम्ही खुर्चीत बसा. जाईस्तोवर उठू नका. आणि दारातल्या तेवढ्या चपला आत ठेवा."

का?

"घराण्यात खोड हाय म्हणतील. पोरीचं लग्न हाय."

पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. पोलिओ बापाकडून लेकीत उतरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसं बोललोही. "लोकांस्नी काय डॉक्टरकी शिकवत बसणार व्हय?" म्हणाला.

ही मान खाली घालून कपबशा गोळा करत होती. म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं.

३० जानेवारी

निशिगंधाला विचारलं. राजारामपुरीत क्लासला गणित शिकवते, उत्तर सरळ देते. मुलगा तिला पसंत आहे — पृथ्वीराज, साखर कारखान्यात केमिस्ट. फोनवर बोलतात. चार्जरची वायर गुंडाळत म्हणाली, "एका दिवसाचा प्रश्न आहे, बाबा."

जेवलो नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

बसलो.

मुलगा, त्याचे वडील आण्णा आणि चुलती. मुलगा चांगला आहे, माझ्याकडे बघून बोलतो. आई का आली नाही विचारलं तर आण्णा म्हणाले, "म्हैस व्यालीय." त्याच वेळी चुलती म्हणाली, "आक्काला जरा ताप हाय." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी लक्षात ठेवलं.

पोहे झाले, प्रश्न झाले. पाहुणे उठले. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायचं ही आमच्या घरची रीत, वडिलांपासूनची. आण्णा माझ्यासमोर थांबले. मी उठेन म्हणून. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. ते बघत राहिले, मग गेले.

नंतर विजयसिंहने हसत सांगितलं — "म्हणत होते, बाप लई ताठ दिसतोय, उठला बी न्हाय. असू दे. ताठ चालतोय दाजी, लंगडा चालत न्हाय."

हिला हसू आलं. दाबलं तिने, पण मी बघितलं.

२ फेब्रुवारी

चपला सापडेनात. दुपारी जिन्याखाली मिळाल्या, पोत्यात, रद्दीच्या मागे. पोत्यात! डावीचा पट्टा दुमडून चीर गेली. असली चीर शिवून लपत नाही. पट्टा नवा घातला.

८ फेब्रुवारी, रविवार

नेसरीला घर बघायला जायचं होतं. मी येऊ नये असं ठरलं होतं. मी पायात चपला घालून गाडीत पुढच्या सीटवर बसलो. गडहिंग्लज मागे पडल्यावर विजयसिंह म्हणाला, "दाजी, तुमच्या पाया पडतो." कुठल्या, ते विचारावंसं वाटलं.

उतरलो, अंगणातून चालत गेलो. आण्णा दारात. त्यांनी चपला बघितल्या, मग मला. "म्हणजे त्या दिवशी…"

"त्या दिवशी मला बसवून ठेवलं होतं," मी म्हटलं. "ताठ नाही मी. हा असा आहे."

आण्णांनी आत या म्हटलं, पण तोंड पडलं.

आत सोप्यात, बैठकीच्या खोलीत, मुलाची आई खुर्चीत बसलेली. सगळे आक्का म्हणतात. पातळ पार जमिनीपर्यंत. पाणी चुलतीने दिलं, चहा चुलतीने दिला, हिला हळदकुंकू लावायलाही चुलतीच आली. घरची मालकीण जागची हलली नाही. हिचा चेहरा उतरला. मान दिला नाही, असं तिला वाटलं. अगदी तेच, जे आण्णांना माझ्याबद्दल वाटलं होतं!

मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. तिथे बायकी चपला. डावीचा पंजा झिजून सूत निघालेलं, टाच मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी. ती टाच कधी जमिनीला लागलेलीच नाही.

माझं डोकं फिरलं. इकडे मला लपवतात, तिकडे आक्कांना लपवतात, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांचं घराणं तपासतात. सोप्यात येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "आक्का, तुमचा डावा पाय आखूड आहे. म्हैस व्यालेली नव्हती."

आण्णा — "पावणं, तुमी घर बघायला आलाय का आमच्या बायकांच्या चपला?"

विजयसिंह उठून गाडीकडे निघाला. ही पण उठली. तेवढ्यात आक्का उठल्या. त्यांनी चुलतीच्या हातातून करंडा घेतला आणि सोपा ओलांडून आल्या. दर पावलाला खांदा खाली जात होता. हिच्यासमोर उभ्या राहिल्या, कुंकू लावलं. "ल्हानपणी बैलगाडीतनं पडले. मांडी मोडली, नीट बसली न्हाय," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

९ फेब्रुवारी

ही म्हणते, "मोडलंत लग्न. आता बसा शिवत."

निशिगंधाने सगळं ऐकून घेतलं. "त्या स्वतः उठल्या?"

उठल्या.

"आणि मी तुम्हाला बसवलं." एवढं बोलून क्लासला गेली. गाडीची किल्ली विसरली, घ्यायला परत आली नाही. चालत गेली.

१० फेब्रुवारी

राग तसाच आहे. विजयसिंहवर आहे, आण्णांवर आहे. आज त्यात मी पण. माझा पाय मी दाखवला, तो माझा होता. आक्कांचा दाखवायचा मला काय अधिकार? त्यांनी सांगायचं की नाही हे त्यांचं. मला खुर्चीत कोंबणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मी त्या बाईला विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पृथ्वीराजचा फोन, निशिगंधाला नाही, मला. "काका, तुम्ही चपला करता असं निशिगंधा म्हणाली. आई विचारत्येय, माप द्यायला स्वतः यावं लागतंय का?"

यावं लागतं, म्हणालो. पाय बघितल्याशिवाय मी चप्पल करत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आक्का आल्या, एसटीने. आधी त्यांची माफी मागितली. "बोलला ते बोलला. आता माप नीट घ्या," म्हणाल्या. कागदावर पाय ठेवला, मी पेन्सिल फिरवली. टाचेशी आलो तेव्हा त्यांनी आण्णांचा निरोप सांगितला. आण्णांना हे लग्न करायचं आहे. आक्का आणि मी अक्षता पडेपर्यंत खुर्चीतून उठणार नसलो, तर हॉलचा सगळा खर्च ते करतील.

"माझ्यापुरतं मी न्हाय म्हणून आलेय," आक्का म्हणाल्या. "तुमचं तुमी सांगा."

मीही बसणार नाही म्हटलं. हॉलचे साडेतीन लाख आता माझे.