नदीकाठची रेघ आणि समुद्रातलं बेट

मी, या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, वय शहाऐंशी, नकाशांच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त, सांगून ठेवते की माझं डोकं आज दुपारी ठिकाणावर आहे. कान एकच चालतो, पण लोक माझ्याबद्दल कुजबुजतात त्याच बाजूचा चालतो. मला कोणी भरीला घातलेलं नाही. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि माझा थोरला नातू लिहितो आहे. तो इतिहास शिकवतो, म्हणून घरात त्याला प्रोफेसर म्हणतात. मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात थोडी चेष्टा असते. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं, आवडो न आवडो, अशी त्याला अट आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या पुष्कळ दिल्या. त्या सगळ्या या कागदाने रद्द समजाव्यात.

कलम एक. हे घर, वरची खोली आणि जिना धरून, माझ्या सुनेला. मुलाला नाही. छप्पर तीस वर्षं गळत होतं, ते मुलाला दिसलं नाही. सून शिडी लावून चढली. मुलाने तिच्या परवानगीने राहावं आणि जिन्यात बूट काढून ठेवू नयेत. सून स्वयंपाकघरातून म्हणते आहे, "आई, असलं काही लिहायला लावू नका." लिहून झालं आहे.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक आहे ते माझ्या मुलीला. ती चार वर्षं माझ्याशी बोलत नाही. कशावरून, ते तिला आठवत नसावं आणि मला तर मुळीच आठवत नाही. पण भांडण मात्र दोघींनी जिवापाड सांभाळलं. ते मी बरोबर घेऊन जाते. तिला पैसे पुरे.

कलम तीन. माझी चार पाती, एक सुई आणि पितळी दांड्याचं भिंग प्रोफेसरला. ही हत्यारं कसली, हे त्याने कधी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

आमच्या छापखान्यात नकाशा दगडावर काढायचे. चांगला चार बोटं जाड, गुळगुळीत दगड. त्यावर सगळं उलटं असायचं, आरशात दिसतं तसं, म्हणजे कागदावर सुलटं उमटेल. नको असलेली रेघ पात्याने खरवडायची, फिकी पडलेली सुईने भरायची, हे माझं काम. गुप्त नकाशांच्या खोलीत मुद्दाम माझ्यासारख्या अक्षरशत्रू बायकाच ठेवायचे. जिला वाचताच येत नाही ती बाहेर जाऊन सांगणार काय? नोकरीला उभी राहिले तेव्हा फोरमनने माझ्यापुढे वर्तमानपत्र उलटं धरलं आणि माझा चेहरा बघितला. मी वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, तेव्हा पास. आयुष्यातली एकच परीक्षा मी दिली आणि पहिली आले.

दगडाला बोट लावायचं नाही, हा तिथला कडक नियम. बोटाचं तेल दगड पितो आणि छपाईत ठसा उमटतो. हे प्रोफेसरने नीट लक्षात ठेवावं.

कलम चार. चौकातल्या मंत्र्याच्या पुतळ्याबद्दल. हा तोच मंत्री, ज्याने शेजारच्या देशाशी सरहद्दीचा करार केला. सरहद्द नदीकाठाने गेली. डोंगर आणि नदी यांच्या मधलं बंदर आणि तीन गावं आपल्याकडे आली. बारा वर्षांनी त्या बंदरावरून लढाई झाली आणि नदीच्या चौकीवर माझा धाकटा भाऊ गेला. सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे बूट घरी आले, तो आला नाही. तेव्हापासून पुतळ्यासमोरून जाताना मी दर वेळी थुंकत आले आहे, पाऊस असला तरी. तो हिशोब मी आज मिटवते. पुतळ्याची मी माफी मागते. माझ्या मागे सुनेने वर्षातून एकदा त्याच्या डोक्यावरची कबुतरांची घाण धुवावी. त्या माणसाचा काही गुन्हा नव्हता.

"आजी, हे काय मधेच?" प्रोफेसर म्हणाला.

तू लिही.

कलम पाच. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. एरवी प्रोफेसर माझं ऐकून घेत नाही. हातात पेन दिलं की निदान वाक्य संपेपर्यंत ऐकतो. त्याचं पुस्तक येत्या सोमवारी छापायला जातं आहे. सहा वर्षं जेवताना आम्ही ते ऐकतो आहोत. सरहद्द नदीकाठाने न जाता डोंगरमाथ्यावरून गेली असती तर दोन्ही देश कसे घडले असते, असा त्याचा विषय. पहिल्या प्रकरणात तो म्हणतो, बंदर नसतं तर आपण लोकर विकणारा गरीब देश राहिलो असतो, रेल्वे उशिरा आली असती, राजधानीही दुसरीकडे असती. दुसऱ्यात म्हणतो, मग लढाईच झाली नसती. आणि शेवटच्या प्रकरणात म्हणतो, मंत्र्याने ऐन वेळी डोंगर सोडून नदी धरली, ती त्याची अचाट बुद्धी. त्या बुद्धीवर याने चाळीस पानं लिहिली आहेत. मी ऐकली आहेत. डुलकी लागली होती असं त्याला वाटलं.

आता मी काय केलं ते लिही.

मी एकोणीस वर्षांची होते. दगडावर दोन रेघा होत्या, एक डोंगरावरून, एक नदीकाठाने. बोलणी अडली होती, म्हणून दोन्ही काढून ठेवलेल्या. एक पुसायची होती. एरवी फोरमन लाल खूण करायचा म्हणजे पुसायचं, निळी म्हणजे ठेवायचं. त्या दिवशी त्याची दाढ सुजलेली, तो घरी. खोलीला बाहेरून कुलूप. काम झाल्याशिवाय उघडायचं नाही असा नियमच होता. नव्या कारकुनाने दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीत अक्षरं. बिचाऱ्याला माहीत नव्हतं की या खोलीतल्या बाईला वाचता येत नाही म्हणूनच ती या खोलीत आहे.

मी दार वाजवलं. दोनदा. खाली यंत्रं धडधडत होती. बाराला दगड छपाईला जायचा होता. मी त्या दोन रेघांकडे बघत बसले. डोंगरावरची वेडीवाकडी, तुटक. नदीची कशी झोकदार, कापडाला दुमड घालावी तशी. मी डोंगराची खरवडली.

"आजी," प्रोफेसर म्हणाला. त्याचं पेन थांबलं आहे. "तू... तूच ठरवलंस?"

लिही, थांबू नको. अट आहे.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या साहेबांनी ताव बघितले, सह्या केल्या, हात मिळवले. कोणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, माझा अंदाज बरोबर आला. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसऱ्याने मान्य केलं आहे तर आपण कशाला तोंड उघडावं. चिठ्ठी मी जपून ठेवली, कारण मला उद्देशून आलेला तो पहिला कागद. सदुसष्ट वर्षं पत्र्याच्या डब्यात होती. आठ दिवसांपूर्वी या मृत्युपत्रासाठी घराचे कागद शोधताना शेजारच्या निवृत्त पोस्टमनने डबा उपसला आणि ती वाचून दाखवली. पोस्टमन इथेच बसला आहे. वाच रे.

पोस्टमन म्हणाला, "'बाई, डोंगरावरची रेघ ठेवा, नदीकाठची पुसा. बारापर्यंत द्या.' एवढंच आहे. खाली सही."

 पन्नास वर्षांहून जास्त मी ज्या माणसावर थुंकले त्याने काहीच केलं नव्हतं. माझा भाऊ माझ्याच रेघेवर उभा होता. झोकदार दिसते म्हणून ठेवलेल्या रेघेवर.

प्रोफेसरचा चेहरा खडूसारखा झाला आहे. हेही लिही. तो म्हणाला, "आजी, असं होत नसतं. देश असे घडत नाहीत. एवढ्या बैठका, एवढा पत्रव्यवहार... आणि चिठ्ठी काय, कोणीही लिहू शकतं. याला पुरावा म्हणत नाहीत."

"मी लिहिली असं म्हणतोस की काय?" पोस्टमन म्हणाला. "आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली मी. एकही उघडलं नाही."

"काका, तुम्हाला नाही म्हणत. पण माझ्यासोबतचे प्राध्यापक मला फाडून खातील."

मग कलम सहा. भिंतीवर त्याने कराराच्या नकाशाचा मूळ ताव काचेत लावला आहे, तो काढून टेबलावर ठेवावा. त्यात बंदराच्या खाली, समुद्रात, एक बेट आहे. तिथे बेट नाही, कधीच नव्हतं. दोन्ही देशांची जहाजं जाऊन बघून आली. प्रोफेसरने त्या बेटावरसुद्धा एक प्रकरण लिहिलं आहे. त्याच्या मते मंत्र्याने ते पुढच्या वाटाघाटीसाठी मुद्दाम घातलं. बेटाच्या मधून एक तिरकी खाडी जाते.

मी डोंगर खरवडला तेव्हा कुलूप खटकन उघडलं. मी दचकले आणि तोल सावरायला डावा अंगठा टेकला. दगडावर. समुद्रात. बोलले असते तर नोकरी गेली असती.

आता मी या कागदावर अंगठा करते. त्या दिवसाच्या वर्षभर आधी तो पात्याने कापला होता, त्याचा वण अजून आहे.

अंगठा केला.

प्रोफेसरने माझं भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वण उलटा आहे, आजी. बेटाची खाडी डावीकडे झुकते, तुझा वण उजवीकडे." त्याच्या आवाजात सुटका होती, बिचाऱ्याच्या.

मी सुनेला हाक मारून आरसा मागवला. दगडावरचं कागदावर उलटं येतं, बाळा. माझा ठसा आरशात बघ.

त्याने आरसा धरला. रेषेला रेषा लागली. तो खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर. तिथूनच लिहितो आहे.

कलम सात आणि शेवटचं. चिठ्ठी प्रोफेसरला. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली आहे. त्याने जाळली तर मी आणि पोस्टमन खिडकीबाहेर बघू. छापली तर त्याची चाळीस पानं गेली आणि लोक हसतील, आधी त्याला आणि मग मला. मी जबरदस्ती करणार नाही. एकदा कोणाला न विचारता ठरवून बघितलं आहे मी.

एवढंच सांगते. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात लढाई होत नाही. म्हणजे त्या प्रकरणात माझा भाऊ म्हातारा होतो, त्याचे गुडघे दुखतात. पण तुझे आजोबा त्या बंदराचे. सरहद्द डोंगरावर राहिली असती तर ते परदेशी राहिले असते, मला भेटले नसते. त्या प्रकरणात तू नाहीस रे. तुझा बाप नाही, ही सून या घरात नाही. आठ दिवस मी दोन्हीकडे बघते आहे आणि या वेळी मला खरवडता येत नाही.

प्रोफेसर म्हणाला, "शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला मला वर्ष लागेल, आजी. जगशील ना तोवर?"

तुझ्या लिहिण्याच्या वेगाने कठीण आहे. पण बघते. चिठ्ठी त्याने खिशात घातली. आज मला दुसरं प्रकरण वाचून दाखव. सावकाश. माझा भाऊ म्हातारा होतो त्या पानापासून.

लिहून देणार: आजी. वर अंगठा, डाव्या हाताचा, वणासह.
लिहून घेणारा: नातू. सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द खरवडला नाही.
साक्षीदार पहिला: निवृत्त पोस्टमन, शेजारी. सही.
साक्षीदार दुसरी: समोरची शिंपीणबाई, आरसा आणायला सून गेली ती तिच्याकडेच, आरशामागोमाग तीही आली. सही.
स्थळ: स्वयंपाकघराशेजारची खोली. दिनांक नऊ, बुधवार, दुपारी सव्वाचार.