गटिंगचे मशीन कोणाला

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, टेनिस कोर्टाशेजारच्या गटिंगच्या, म्हणजे रॅकेटींना तारा ओवून देण्याच्या, दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण त्यांनीही माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, तेव्हा मीही आपला एक कागद तयार ठेवलेला बरा. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रोज डायरी लिहिते, पण ती वाटणीसाठी नाही. ती न वाचता जाळावी.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक आईला. "मला काय करायचंय" असे ती म्हणेल. तिने म्हटले तरी ते तिचेच. तिच्या पश्चात सगळे माझ्या धाकट्या भावाला.

कलम २. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या, उसन्या द्यायच्या रॅकेटी रविवारच्या डबल्सच्या मंडळींना, सामायिक. नव्याने खेळू लागलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी रॅकेट कधीच विकली नाही. आधी यातली एक न्यायची, दोन-तीन आठवडे खेळायचे, मग बोलायचे. ही रीत मंडळींनी पुढे चालवावी. रॅकेटीची मूठ धरल्यावर बोटे आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावले पाहिजे. मावत नसेल तर मूठ बारीक आहे, जास्त जागा उरली तर जाड. गावातल्या मोठ्या दुकानाचे मालक हे न बघता नवख्या माणसाच्या हाती स्पर्धेतल्या खेळाडूची जड, कडक रॅकेट देतात. त्यांना मी काहीही ठेवत नाही. आमच्यात वैर नाही, पण सांगून ठेवलेले बरे.

रॅकेटी गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, उन्हाने तारा ढिल्या पडतात. एक तार तुटली की त्याच वेळी उरलेल्या सगळ्या कापाव्यात, मधल्या भागापासून बाहेर. नाहीतर एकीकडे ओढ राहून चौकट वाकडी होते. मुठीवरची पट्टी चकाकू लागली की बदलावी. पट्टीला खर्च फार नाही, आळस मात्र फार असतो. आमच्यातल्या दंतवैद्यांची पट्टी गेल्या उन्हाळ्यापासून चकाकते आहे. त्यांना एक कोरी पट्टी ठेवणार होते, पण वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये. दंतवैद्यांनी साक्षीदार होणेच पसंत केले, त्यामुळे वरच्या रॅकेटींतही त्यांचा वाटा नाही.

कलम ३. बुटांचा साठा निम्म्या भावात काढावा. धावण्याचे बूट घालून टेनिस खेळायला येणाऱ्यांना आधी समजावून सांगावे, त्यांचे घोटे मुरगळतात. ऐकले नाही तर सोडून द्यावे.

कलम ४. गटिंगचे मशीन, चिमटे, आऱ्या, तारांची रिळे आणि दुकानाचा गाळा माझ्या धाकट्या भावाला.

या एका कलमापायी हा कागद महिनाभर अडला होता. कारण लिहिते, म्हणजे मागे कोणी तर्क करत बसणार नाही.

आम्ही दोघे दुकान एकत्र चालवत होतो. येणारे सगळे हौशी: बँकेतले, शाळेतले, निवृत्त. टीव्हीवर बघून यायचे आणि म्हणायचे, सत्तावीस किलो ताण घाला, एकदम टणक. हौशी हाताला बावीस पुरतो. कमी ताणाच्या जाळीवरून चेंडू आपोआप लांब जातो, आणि धक्का कोपरात कमी उतरतो. हे मी प्रत्येकाला सांगायची. निम्मे नाराज होऊन मोठ्या दुकानात जायचे आणि कोपर धरून परत यायचे.

भाऊ वाद घालत नसे. सत्तावीस म्हणाले की तो हसून "बरं" म्हणायचा, रॅकेटीच्या गळ्यावर सत्तावीसची चिठ्ठी चिकटवायचा आणि घालायचा बावीस. गिऱ्हाईक खूश. "तुमच्या भावाच्या हाताला गुण आहे," असे लोक मला ऐकवायचे. मलाही ते खरे वाटायचे.

मग आमच्याकडे येणाऱ्या बँकेतल्या एका बाईंची बदली झाली. नव्या गावात तारा बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिथल्या माणसाला गळ्यावरची चिठ्ठी दाखवून सांगितले, अगदी एवढाच घाला, मला याचीच सवय आहे. त्याने प्रामाणिकपणे सत्तावीस घातला. बाईंचा कोपर असा धरला की त्यांना पाण्याचा तांब्या उचलवेना. सुट्टीत आल्या तेव्हा त्यांनी मला विचारले, तोच आकडा तुमच्याकडे कसा चालायचा? मी भावाने ओवलेल्या सगळ्या तयार रॅकेटी ताणमापकावर लावल्या. एकीचाही आकडा चिठ्ठीशी जुळला नाही.

भावाने नाकारले नाही. तो म्हणाला, "ताई, मी किती जणांचे कोपर वाचवले ते मोज ना."

मी म्हणाले, दारावर सूचना लावते की इथल्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका. तो म्हणाला, लाव. मी लावली. त्याने अंगावरचा ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि त्या दिवसापासून तो दुकानात आला नाही. कोर्टाच्या पलीकडच्या भिंतीपाशी मुलांना शिकवू लागला. आईच्या घरी आम्ही समोरासमोर जेवायचो आणि भाजी आईमार्फत मागायचो.

सूचना लावली याचे मला वाईट वाटत नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्या खऱ्या बोलण्याला कंटाळून जे गेले, त्यांचे कोपर दुखले. त्याच्या खोट्याला भुलून जे राहिले ते, एक बाई सोडल्या तर, मजेत खेळले. मग दुकान कोणी चांगले चालवले? अनेक दिवस डायरीत हे लिहून बघितले. उत्तर आलेले नाही.

त्याला मशीन द्यायचे हे नक्की होते, त्याच्यासारखी आडवी तार दुसऱ्या कोणाला ओवता येत नाही. म्हणून मी या कलमाखाली अट लिहिली: चिठ्ठीवर खरा आकडा लिहीत असेल तरच. वकील म्हणाले, लिहा हवी तर, पण ती पाळली जाते का हे बघणार कोण? भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे मेल्यावरही तू माझ्या डोक्यावर बसणार. अटीसकट मशीन मला नको. विकून टाक."

"आणि दुकान बंद पडलं की आई कशावर जगेल? शिल्लक किती दिवस पुरेल?" मी विचारले.

"आईच्या अंगावर ढकलू नकोस. अट तुझी आहे."

ऑपरेशनची तारीख ठरल्यावर मात्र तो आपणहून आला. पोटाच्या दुखण्यामुळे मला मशीनचा दांडा फिरवता येत नाही हे आईने सांगितले असणार. ॲप्रन अजून त्याच खिळ्यावर होता. त्याने तो झटकला आणि घातला. मी पडद्यामागे माळ्यावरची खोकी लावत होते. तेवढ्यात निवृत्त मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, सत्तावीस घाल रे, तुझ्या हातचा. भाऊ म्हणाला, सर, तुम्ही माझ्याकडे आजवर बावीसवरच खेळलात. पुढेही बावीसच घालीन आणि बावीसच लिहीन. सरांनी शाळेत कोणाला दिला नसेल एवढा ओरडा त्याला दिला, रॅकेट उचलली आणि तडक मोठ्या दुकानाकडे गेले.

भाऊ पडद्याकडे बघून म्हणाला, "गेले. आता झोप लागेल ना तुला?"

म्हणजे मी आत आहे हे त्याला माहीत होते. मी नसते तर तो हेच बोलला असता का, हे मला सांगता येत नाही. तोही सांगणार नाही, आणि मी विचारणार नाही. सर अजून परतलेले नाहीत.

म्हणून कलम ४ खालची अट मी आज रद्द केली आहे. वकील म्हणाले, पान नव्याने लिहा, स्वच्छ दिसेल. मी नको म्हटले. अटीच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली आहे आणि बाजूला माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. मशीन त्याला विनाअट मिळावे. रेघेखालचे अक्षर वाचता येते. ती तशी मुद्दाम मारली आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकिलांनी करावे.

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर त्यांनी वाचून, समजून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली.

साक्षीदार १: दंतवैद्य (रविवारची डबल्स)
साक्षीदार २: शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या बाई (खेळत नाहीत)

स्थळ: दुकान, पडद्यामागची खोली
दिनांक: ११ मार्च