वळणावरचा गचका

प्रिय तबकडीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलला होता, पण तू माझ्याहून थोडका का होईना मोठा आहेस आणि ते कुणाला विसरू देत नाहीस, तेव्हा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. माझ्या कंबरेचे तू विचारू नकोस, तुझ्या गुडघ्याचे मी विचारतो.) गुडघा कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू काढला का? आणि शाळेतल्या सगळ्या कविता तुला अजून एका दमात म्हणता येतात का? हा शेवटचा प्रश्न आपला सहज विचारला, त्यात काही हेतू नाही. गुरुजींनी तुला तबकडी हे नाव उगाच नव्हते ठेवले. सुई टेकवली की सुरू, ती कविता संपेपर्यंत मधे शिंकसुद्धा नाही. तुला शब्द यायचे, मला चाल यायची. आपण दोघे मिळून एक पूर्ण विद्यार्थी होतो. खिडकीतून बाकावर पडणारे ते ऊन, खडूची धूळ त्यात तरंगते आहे, आणि सगळा वर्ग एका सुरात डोलतो आहे... असो. पत्र गाडीविषयी आहे.

येत्या थंडीत आम्ही दोघे तुझ्याकडे येणार, आणि ते माझ्या गाडीने, मी स्वतः चालवत, घाट चढून येणार. यात तसूभरही बदल नाही. गाडी खरे म्हणजे धाकट्याची. नोकरीसाठी लांब जाताना तो ती माझ्या स्वाधीन करून गेला, पण त्याआधी त्याने ती ट्यून करून घेतली होती. म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवला आणि गाडीच्या पोटात जो कॉम्प्युटर असतो त्याला नवे धडे पढवले. तेव्हापासून ती गोगलगाय नि पोटात पाय. बाहेरून पाहशील तर भाजी आणायची गाडी वाटेल. पाय दाबलास तर भाजीवाला मागे राहतो.

पण तिला एक खोड लागली. आमच्या घरापासून बाजाराकडे जाताना टेकडी लागते. चढ सुरू होतो, वळण येते, आणि ऐन वळणावर गाडी फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखी अडखळते. क्षणभर तिच्यात जीव नसतो, आणि पुढच्या क्षणी अशी उसळते की मागच्या माणसाने पुढे यावे. मागच्या खेपेला मागे आमची थोरली होती. (थोरली आता मुख्याध्यापिका आहे, तिच्या बोलण्यात स्वल्पविराम नसतात.) कपाळाला टेंगूळ आले. ते चोळत तिने निकाल दिला, "बाबा, मी पुढच्या वेळी येईन तेव्हा एक तर हा गचका गेलेला असेल, नाहीतर गाडी गेलेली असेल." किल्ली हिसकावून घेण्याइतकी ती माझी मुलगी आहेच. तेव्हा मी ठरवले की गचक्याचा छडा लावायचा, मग आकाश कोसळो.

सल्ल्याला तोटा नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, हवा वाढली पण पेट्रोल पूर्वीइतकेच, उपाशी इंजिन अडखळणारच. मोठा पंप घाला, मग मोठे इंजेक्टर घाला. (पंप म्हणजे टाकीतले पाणी वर खेचणारा रहाट समज, आणि इंजेक्टर म्हणजे झारीचे तोंड.) शेजारचे साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, जगात कुठेही काहीही अडले की त्यांना नळ रुंद करावासा वाटतो. ते म्हणाले, पंपाच्या आधी नळी बदला. धाकटा फोनवर म्हणाला, बाबा, आधी मोजा, मग बदला. मला हे शेवटचे पटले, पण तोवर फिल्टर आणि प्लग बदलून झाले होते.

मोजायचे ठरल्यावर पेट्रोलचा दाब दाखवणारे घड्याळ बाहेरून पुढच्या काचेला चिकटवले आणि त्याच्या काट्यावर लक्ष ठेवायला सौभाग्यवतींना शेजारी बसवले. वळण आले, गचका बसला. काटा जागचा हलला नाही, असे ती म्हणाली. (ती काट्याकडे बघत होती की काचेपलीकडे, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही.) मला ते खरे वाटेना. शेवटी मोठा पंप बसवलाच. गाडी आता सुरू होताना भुंग्यासारखी गुणगुणते, ऐकायला फार गोड. गचका मात्र होता तसाच राहिला.

मग गॅरेजवाल्याला शेजारी बसवून नेले. मित्रा, दात दुखतो म्हणून दवाखान्यात जावे आणि खुर्चीत टेकताच तो दुखायचा थांबावा, तशी माझी गत झाली. गाडी त्या वळणावरून तुपातून सुरी जावी तशी गेली. पुन्हा नेली, पुन्हा तेच. गॅरेजवाला भला माणूस. उतरताना त्याने माझ्याकडे फक्त जरा मायेने बघितले. ती माया मला टेंगळापेक्षा जास्त लागली. मग त्याने गाडीला एक नोंद घेणारी डबी जोडली आणि मला एकट्याने फिरून यायला सांगितले. आल्यावर पडद्यावर रेघा पाहिल्या. पेट्रोलची रेघ सपाट, हवेची रेघ शहाणी. अ‍ॅक्सिलरेटरच्या पायपट्टीची रेघ मात्र प्रत्येक फेरीला त्याच वळणावर खड्ड्यात गेलेली. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, पायपट्टीचा सेन्सर बिघडला असणार, कारण काका, एवढ्या नेमाने कुणी माणूस पाय काढत नाही. नवी पायपट्टी बसवली. खड्डा नव्या पट्टीवरही तिथेच.

इथे दैव धावून आले, ते खोकल्याच्या रूपाने. माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. गोळी चघळत, मुकाट्याने मी गाडी बाजारात नेली, तर वळणावर काही नाही! येताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग घसा सुटला आणि त्याच सकाळी गचका परत आला. आता गाडीचा आणि माझ्या घशाचा संबंध काय? मी टेकडी पुन्हा चढलो, एकदा बोलत, एकदा गप्प, आणि स्वतःच्या उजव्या पायावर नजर ठेवून. (रस्त्यावरही होती. काळजी नको.) तेव्हा उलगडले.

तुला माहीत आहे, गाडी फाटकातून निघाली की माझी ती नावेची कविता सुरू होते. परक्या माणसादेखत म्हणत नाही, लाज वाटते. म्हणून गॅरेजवाल्याला गचका दिसला नाही. चढ लागतो तेव्हा मी बरोबर तिसऱ्या कडव्यावर येतो:

सुटली नौका, हलले पाणी, भरले वारे शिडात ग,
काठावरचे झाड एकटे उभे राहिले उन्हात ग,

आणि पुढची ओळ येत नाही. ती शोधताना माझा पाय आपोआप वर उठतो. मग ती सोडून चौथी ओळ सापडते, 'दूर दूर ते शीड पांढरे मिसळुन गेले ढगात ग', आणि त्या आनंदात पाय जो दाबला जातो तो थेट ढगात. बिघाड पेट्रोलमध्ये नव्हता. तो तिसऱ्या कडव्यात होता.

हे थोरलीला सांगण्याची सोय नाही. गाडीत दोष असता तर गाडी गॅरेजात गेली असती. दोष चालवणाऱ्यात आहे म्हटल्यावर किल्लीच जाईल. कविता सोडावी, हा विचार मी करणार नाही. गाडी सोडणार नाही, तुझ्याकडे येणेही सोडणार नाही. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा बाकावरचा शेजारी,
भोंगा

ता. क. ती तिसरी ओळ उलट टपाली पाठव. खरे तर पत्र एवढ्यासाठीच होते.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालायला सौभाग्यवतींकडे दिले, ते रिवाजाप्रमाणे तिने आधी वाचले. मग चष्मा पुसत सबंध कडवे म्हणून दाखवले. तिसरी ओळ अशी:

थांब जराशी, पाहू दे ना, मग जा अपुल्या भरात ग.

मी तिला म्हटले, ओळ येत होती तर पंप बदलेपर्यंत गप्प का बसलीस? ती म्हणाली, "अहो, तेवढ्या वळणावरच तुमची गाडी हळू होते. खाली नदी दिसते." काटा कोण बघत होते, तेही कळले. तेव्हा ओळ पाठवण्याची तसदी घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. या चर्चेत पत्र टपालात टाकायचे राहिले, ते बरे झाले. काल थोरली आली. टेंगूळ आठवून तिने आधीच सीट घट्ट धरली होती. मी कविता म्हणत निघालो, चढ लागला, झाड उन्हात उभे राहिले, आणि तिसऱ्या ओळीला मी गाडी हळूच कडेला घेऊन थांबवली. तिघेही उतरलो. नदी खरोखरच बघण्यासारखी आहे; इतकी वर्षे माझी तिकडे पाठ होती. पुन्हा बसलो आणि गाडी लोण्यासारखी वर गेली. थोरली म्हणाली, "बाबा, गचका गेला की. काय केलंत?" मी म्हटले, मोठा पंप बसवला. सौभाग्यवती खिडकीबाहेर बघत राहिल्या.

म्हणून खरी विनंती ही: थोरली खात्री करून घ्यायला तुला फोन करील. तेव्हा पंपाचेच नाव घे. कवितेचा विषय निघाला तर म्हण, आता काही आठवत नाही.