सोनाखानचा समुद्र

१२ नोव्हेंबर २०००, रविवार
राज्य नवीन, आमचं शहर त्याची नवीन राजधानी, म्हणून डायरीही नवीन. रोज लिहिणार. साखर सोडणार. समुद्र सिद्ध करणार.
समुद्र सोनाखानचा. तिथले काळे दगड म्हणजे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आमच्या विभागाचे हेडसाहेब म्हणतात, जमीन फाटली अन् लाव्हा वर आला. मी बावीस वर्षं भूगर्भशास्त्राच्या वर्गात सांगून राहिलो की तिथे समुद्र होता. त्याचा तळ शेजारच्या जमिनीखाली घुसला, म्हणून ज्वालामुखी पेटले. हेडसाहेब बावीस वर्षं हसून राहिले.
आता पुरावाच देतो. तळ खाली घुसून पेटलेल्या लाव्ह्यात नायोबियम नावाचं मूलद्रव्य कमी भरतं. दगड तपासायचा, बस. कमीच भरणार. जानेवारीत कॉलेजात सेमिनार, राजधानीतला पहिला. पेपर माझा.

१९ नोव्हेंबर
सोनाखानला जाऊन आलो. सोबत क्षमा, माझी जुनी विद्यार्थिनी, आता विभागात लेक्चरर. पोट्टी हुशार, पण संथ. दगडाची कुजकी साल फोडून आतला ताजा भाग काढत बसली. मी वरवरचेच घेतले. अनुभवी माणसाले आतलं बाहेरूनच कळतं.
चहा साखरेचा घेतला. फील्डवर नियम लागू नाही.

३ डिसेंबर
लॅबले दगडाची भुकटी लागते. कॉलेजची दगड दळायची मशीन बंद. क्षमाने आपले दगड नागपूरले दळायला पाठवले, नंबर लागायची वाट पाहून राहिली. मी थांबणारा माणूस नाही. बायको विजया गोल बाजारात गेली तसा तिचा पाटा-वरवंटा घेऊन बसलो. दुपारभर वाटलं. खांदे गेले, पण भुकटी मैद्यासारखी झाली.
तेवढ्यात विजया परतली. काहून जी, माझ्या पाट्यावर गिट्टी वाटून राहिले, म्हणाली. सकाळी ठेचा वाटला तेव्हापासून पाटा धुतलेला नाही, हेही सांगितलं. तिले विज्ञान कळत नाही. दगडावर दगड घासला, त्यात फरक काय पडणार?
भुकटी हैदराबादच्या लॅबले रवाना.

२८ डिसेंबर
रिझल्ट आला. नायोबियम मधलंच. ना कमी, ना जास्त. लॅबची चूक असावी.
पण सोडियम! भरमसाट सोडियम! समुद्रतळावर थिजलेल्या लाव्ह्यात खाऱ्या पाण्यातलं सोडियम शिरतं, हे पुस्तकातच आहे. म्हणजे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं मीठ माझ्या हाती लागलं. हेडसाहेबाले फोन करून सेमिनारात अर्धा तास मागून घेतला. आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, अर्ध्या लोकाले सांगून झालं, उरलेल्याले उद्या. एकाने विचारलं, मग इथे मासोळी स्वस्त होईल का. अज्ञान फार आहे.
आनंदाने दोन पेढे खाल्ले. साखर नवीन वर्षापासून.

६ जानेवारी २००१
लॅबवाल्याचा फोन. भुकटी भट्टीत तापवली तर खोलीभर लसणाचा वास सुटला म्हणे. मी समजावलं की प्राचीन ज्वालामुखीतले वायू अडकले असतील. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.
संध्याकाळी क्षमा घरी आली. तिले वासाची गोष्ट सांगितली, तशी ती सरळ स्वयंपाकघरात गेली अन् पाट्यावरून हात फिरवून आली. पाटा कुठला, विचारलं. विजया खुशीत म्हणाली, माहेरचा, नागपूरचा, लग्नात आणलेला. क्षमाने मान खाली घातली.
"सर, तुमचा अर्धा दगड काकूंच्या माहेरचा आहे," ती म्हणाली.
मग तिने समजावलं: नागपूरकडचा पाटा म्हणजे वेगळाच लाव्हा, जमीन फाटून वर आलेला, नायोबियम जास्त असलेला, सोनाखानच्या मानाने कालपरवाचा. वाटताना पाटाही झिजला अन् भुकटीत गेला, म्हणून नायोबियम मधलं. सोडियम ठेच्यातल्या मिठाचं. वास लसणाचा.
विजया हसली नाही. गरम भजी आणून ठेवली. त्यानं जास्त वाईट वाटलं.

१३ जानेवारी
क्षमाच्या भुकटीचा रिझल्ट आला. नायोबियम कमी. प्रत्येक दगडात कमी. समुद्र होता!
मी बरोबर होतो. हे मी हेडसाहेबाले तीनदा सांगितलं. ते म्हणाले, मग पेपर क्षमा वाचेल. तसं मीही सुचवणारच होतो. नवीन राज्यात तरुणाईले पुढं करावं. शिवाय घसा बसल्यासारखा वाटून राहिला.

२० जानेवारी
सेमिनार. मी पहिल्या रांगेत, माझी मुलगी ईरा मागच्या रांगेत मैत्रिणींसोबत. क्षमा छान बोलली. शेवटी एका पाहुण्याने विचारलं की समुद्राची कल्पना मुळात कोणाची. मी खुर्चीच्या टोकावर सरकलो.
"सरांची," क्षमा म्हणाली. "ते आम्हाले वर्गात पहिल्यापासून हेच सांगायचे. पुरावा तेवढा नव्हता."
हेडसाहेब उठून माइकवर काहीतरी बोलले. माझं लक्ष नव्हतं, डोळे भरून आले होते. इतक्यात सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांनी. मी उभा राहिलो, वळलो, चारी दिशांना वाकून नमस्कार केला. वर पाहतो तर अर्धा हॉल रिकामा.
घरी येताना ईराले विचारलं, टाळ्या किती वेळ वाजल्या असतील.
पोट्टी हिंदीतच बोलते. म्हणाली, "पापा, हेड सर ने चाय अनाउंस की थी."