टोपी घातलेले कणीस

१२ ऑगस्ट १९५६, कल्याण
सापडले! जवळच्या मोहने गावी विमलाबाईंनी मला मक्यासाठी आपले परस दिले आहे. तिथे मधल्या ओळीत एक झाड नरवंध्य निघाले. तुरा डौलदार, पण चोळला तर तळहात कोरडा — परागाचा कण नाही. संकरित बियाण्यासाठी मादी-ओळींचे तुरे हाताने एकेक खुडावे लागतात. हा गुण पुढच्या पिढीत उतरला, तर ती सारी मेहनत वाचेल! उतरतो का, हे पाहायला याच झाडाचे बी हवे. आणि झाड एकच.

१३ ऑगस्ट
कणसाचे केस बाहेर पडण्यापूर्वीच त्यावर मेणकागदाची पिशवी चढवली. वाऱ्यावरचा भलता पराग बसायला नको. पिशव्या मंदाकिनीने शिवल्या. म्हणाली, "शेजारीण विचारत होती, टोपरी कुणासाठी? मी म्हटलं, मक्यासाठी." अशी बायको लाभली, हे माझे भाग्य.

१७ ऑगस्ट
उघडीप. शेजारच्या ओळीतल्या तुऱ्याला काल पिशवी बांधली होती. आज दव वाळल्यावर तुरा वाकवून झटकला, पिवळी भुकटी जमली. कणसाची टोपी क्षणभर काढून ती केसांवर भुरभुरवली, लगेच पुन्हा झाकले. झाले! विमलाबाईंनी ताक दिले. जागा दिली ती दिली, वर हे.

९ सप्टेंबर, ऋषिपंचमी
विमलाबाई स्वतः घरी ऋषीची भाजी घेऊन आल्या. आज बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. त्यांचे परस कुदळीने खणलेले, म्हणून मका तिथलाच. मी विचारले, कोणते कणीस?

"टोपी घालून राखलेलं, मास्तर. म्हणजे सोवळ्यातलंच की. तेवढंच खुडलं."

सर्वांत पवित्र म्हणून त्यांनी माझे कणीस निवडले होते. वाटी संपवली. भाजी चवदार होती.

१० सप्टेंबर
मोहन्याला गेलो नाही.

२ ऑक्टोबर
विमलाबाईंचा निरोप आला म्हणून मक्याची ताटे काढायला गेलो. त्याच झाडाच्या खालच्या पेरावर दुसरे कणीस — मागाहून आलेले, मी कधी न झाकलेले, दाण्यांनी भरलेले! झाडाला स्वतःचा पराग नाही, आसपास दुसरा मका नाही. म्हणजे दाणा न् दाणा शेजारच्या ओळींचाच, वाऱ्याने आणलेला. मला हवे होते तेच बी. पिशवीची गरजच नव्हती!

"ते उघडंच होतं," विमलाबाई म्हणाल्या. "ऋषींना कसं चालेल? म्हणून ठेवलं."

मी वाकून त्यांना नमस्कार केला. त्या गोंधळून मागे सरल्या.